'50 ते 55' कुठून आलं? सांगाड्यांचं वय लिहिणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
सांगाड्याचं शवविच्छेदन करणारे डॉक्टर, मिसिंगच्या, म्हणजे बेपत्ता माणसांच्या तक्रारींच्या टेबलावर बसणारे पोलीस, आणि या दोघांचे फॉर्म ठरवणारे वरचे साहेब,

नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्याकडून मला एका ओळीचं उत्तर आलं, "आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे." अर्जात मी पैसे मागितले नव्हते, कुणावर कारवाई करा असंही म्हटलं नव्हतं. एवढंच लिहिलं होतं की कुठे सांगाडा सापडला की रिपोर्टमध्ये 'अंदाजे वय' म्हणून जो रकाना असतो तो भरायची पद्धत बदला. चार पानांचा अर्ज, त्याला जोडलेली कागदपत्रं, आणि उत्तर काय तर दप्तरी दाखल. मग म्हटलं बंद पाकिटातून काही होत नसेल तर चारचौघांसमोरच लिहू.

मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हाडं धुवायची, वाळवायची, नंबर टाकायचे, फर्स्ट इयरच्या पोरांना बोन सेट काढून द्यायचे आणि परत घेताना मनगटातली बारकी हाडं मोजून घ्यायची (कारण ती दरवेळी हरवतातच), हे माझं काम. आणि माझा मोठा भाऊ मार्केट यार्डात हमाल होता. सोळाव्या वर्षापासून पाठीवर पोती. तेव्हा शंभर-शंभर किलोची पोती असायची, नंतर वजन कमी झालं पण तोवर पाठीचं व्हायचं ते झालेलं.

दादा एका पावसाळ्यात घरातून गेला तो आला नाही. मिसिंग दिली, वय 33. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी पुण्याजवळच्या एका घाटात झाडीत सांगाडा सापडला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, हाडं तपासायला गेली आणि रिपोर्टमध्ये आलं, पुरुष, उंची अमुक, वय अंदाजे 50 ते 55 वर्षे. झालं. त्यानंतर आम्ही जेव्हा जेव्हा चौकीत गेलो तेव्हा तिथल्या हवालदार साहेबांनी आमच्यासमोर कॉम्प्युटरवर बेवारस मृतदेहांची यादी काढली, वयाचा रकाना 30 ते 40 असा भरला, आणि तो सांगाडा त्या यादीत कधी आलाच नाही. येणार कसा, तो तर पन्नाशीचा होता ना कागदावर!

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका ठाण्यात बदलून आलेल्या एका पीएसआय मॅडमनी वयाकडे न बघता नुसत्या उंचीवर आणि वरच्या पुढच्या दाताचा तुकडा उडालाय या खुणेवर जुन्या फाइली काढल्या, आईचं रक्त घेतलं, डीएनए जुळला. तो दादाच होता. त्या मॅडमचं नाव इथे लिहित नाही, त्यांना परवानगी विचारलेली नाही, पण खात्यात अशी माणसं आहेत हे मला मान्य आहे आणि हे पत्र सगळ्यांना झोडपायला लिहिलेलं नाही.

आता तक्रारी.

त्या पहिल्या रिपोर्टची कॉपी माझ्याकडे आहे. त्यात वयाचं कारण एका ओळीत दिलंय, मणक्यांमधले बदल आणि कवटीचे सांधे. बस. आणि त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर मिळालेल्या हाडांची यादी आहे, तिच्यात कमरेची दोन्ही हाडं आहेत, उजवं कॉलरबोन आहे, बऱ्याच बरगड्या आहेत, खालचा जबडा दातांसकट आहे. म्हणजे वय काढायला जे जे लागतं ते सगळं टेबलावर होतं, आणि त्यातलं काहीच न बघता जे सर्वात कमी भरवशाचं ते धरून आकडा लिहिला. यादी वाचताना माझे हात थरथरत होते, दुःखाने नाही, रागाने.

कवटीच्या सांध्यांचं सांगते. कवटीच्या हाडांमधल्या त्या नागमोडी रेषा वयाबरोबर बुजत जातात हे खरं, शेकडो वर्षांपासून लोकांना माहिती आहे. पण कुणाच्या तिशीत बुजतात, कुणाच्या सत्तरीतही उघड्याच राहतात. आमच्या लॅबमध्येच दोन कवट्या शेजारी ठेवल्या तर तुम्ही उलटं सांगाल. त्यावरून फार तर 'तरुण की वयस्क' असा कल सांगता येतो, पाच वर्षांची पट्टी नाही. माइंडल आणि लव्हजॉय यांनी 1985 मध्ये या सांध्यांना मार्क द्यायची व्यवस्थित पद्धत बसवली, तिच्यातसुद्धा एकेका टप्प्यात येणाऱ्या माणसांच्या वयात कितीतरी वर्षांचा फरक आहे.

आणि मणके. इथे तर मला बोलायलाच पाहिजे. मणक्याच्या कडेला हाडाचे काटे फुटतात, चकतीच्या जागी खड्डे पडतात, हे वयाने होतं तसंच वजनानेही होतं. डोक्यावर-पाठीवर ओझं वाहणाऱ्याचे मणके तिशीतच तसे दिसू शकतात. तपासणाऱ्याने ते हाड बघून 'म्हातारा' वाचलं, खरं तर तिथे 'हमाल' लिहिलेलं होतं. म्हणजे ज्यांनी जन्मभर ओझी उचलली, बांधकामावर घमेली वाहिली, ऊस तोडला, त्यांचं वय मेल्यावरही जास्तच लावलं जाणार, आणि नेमके हेच लोक आहेत जे घरापासून लांब, ओळखपत्राशिवाय, कुठेतरी मरून पडतात. कुणी मुद्दाम करत नाही हे, मला माहिती आहे. पण होतं ते हेच.

बघायला काय पाहिजे होतं? कमरेची दोन हाडं पुढे ओटीपोटाखाली जिथे एकमेकांना भेटतात तो सांधा, प्यूबिक सिम्फिसिस. तरुण माणसात त्या सांध्याचा पृष्ठभाग सरी-वरंबा पाडलेल्या रानासारखा असतो, बोट फिरवलं तरी कळतं. मग हळूहळू सऱ्या बुजतात, सपाट होतं, भोवती कड तयार होते, आणि उतारवयात ती कड खचते, हाड सच्छिद्र होतं. टॉड नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने 1920 मध्ये याचे दहा टप्पे केले, पुढे 1990 मध्ये ब्रूक्स आणि सुची यांनी ते सहा केले, तेच आज जगभर वापरतात. ओझ्याचा परिणाम मणक्यांवर होतो तेवढा या सांध्यावर दिसत नाही. दादाची हाडं पुन्हा तपासली तेव्हा ती तिसऱ्या टप्प्यात निघाली, सऱ्या बुजत आलेल्या पण पूर्ण गेलेल्या नाहीत. कॉलरबोनचं छातीकडचं टोक, जे शरीरात सगळ्यात शेवटी जुळतं, साधारण तिशीपर्यंत, ते पूर्ण जुळलेलं. चौथ्या बरगडीच्या पुढच्या टोकाचा खळगा, जो वयाबरोबर खोल होत जातो, अजून उथळ. तीन वेगवेगळी हाडं तीच गोष्ट सांगत होती की विशी संपलीये, पन्नाशी लांब आहे.

पण आता नीट ऐका, कारण माझी खरी तक्रार चुकीच्या आकड्याची नाहीच आहे. चूक कुणाकडूनही होईल. तक्रार आहे ती छोट्या आकड्याची. पुरुषांसाठी त्या तिसऱ्या टप्प्याची सरासरी 29 च्या आसपास आहे, पण त्यात बसणारी माणसं 21 पासून 46 पर्यंतची आहेत. चौथ्या टप्प्यात 23 ते 57. पाचव्यात 27 ते 66. बायकांचा पाचवा टप्पा तर 25 ते 83 आहे. हसू नका, याला प्रामाणिकपणा म्हणतात. मोठ्या माणसाच्या हाडांवरून वय एवढंच कळतं, चार पद्धती एकत्र वापरल्या तर पट्टी थोडी आवळता येते पण पाच वर्षांवर ती येत नाही, जगातला कुठलाही तज्ज्ञ आणा. मग तुमच्या रिपोर्टमध्ये '50 ते 55' इतकं नेटकं कुठून येतं? फॉर्ममध्ये जागा कमी आहे म्हणून? का कोर्टात मोठी पट्टी सांगितली की वकील टोकतात म्हणून?

कोर्टाचं म्हणाल तर 1982 मध्येच सुप्रीम कोर्टाने जम्मू-काश्मीरमधल्या एका केसमध्ये म्हटलंय की एक्सरेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो. ते जिवंत, वाढत्या वयाच्या मुलाबाबत, जिथे हाडांची टोकं अजून जुळतायत आणि वय सगळ्यात बरं कळतं. तिथे कोर्ट चार वर्षांची मोकळीक ठेवतं, आणि घाटात सापडलेल्या, उंदरा-कोल्ह्यांनी कुरतडलेल्या सांगाड्याला तुम्ही पाच वर्षांत बसवता.

लहान मुलांचं वेगळं आहे, हे कबूल करायला हवं. लहान मुलांचं वय दातांवरून फार छान कळतं, कारण दात हिरडीच्या आत ठरलेल्या क्रमाने तयार होतात, उपासमारीचाही त्यावर हाडांपेक्षा कमी परिणाम होतो. पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या, हे तर कुठलीही आई सांगेल. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे, तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 ते 1983 खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं, आणि घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लेकरं. त्या लेकरांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास याच पुण्यात झाला. इरावतीबाई कर्व्यांपासून इथे हा विषय शिकवला जातोय. आणि उत्खननातली मोठी माणसं अभ्यासताना हे पुरातत्त्ववाले काय करतात, तर तरुण, मध्यमवयीन, उतारवयाचा असे मोठे गट पाडतात आणि गप्प बसतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाबाबत एवढा संयम, जिथे चुकलं तरी कुणाचं काही अडत नाही.

आमचं अडलं. वहिनीला मृत्यूचा दाखला मिळेना कारण प्रेत ओळखलेलं नाही. दाखला नाही म्हणून 1969 च्या माथाडी कायद्याप्रमाणे त्याच्या नावावर जमलेला फंड, ग्रॅच्युइटी मिळेना, बँकेचं खातं तसंच, विधवा म्हणून पेन्शनचा अर्ज करता येईना. वकील म्हणाले सात वर्षं थांबा, मग माणूस मेला असं कायद्याने धरता येईल, तोवर काही नाही. पोराच्या शाळेत वडिलांची सही लागली की वहिनी 'बाहेरगावी' लिहायची. आणि दादा तोवर एका खोक्यात होता, नंबर टाकलेला.

काही जण म्हणतील की आता डीएनए आहे की, वयाचं काय घेऊन बसलात. अहो पण डीएनए कुणाशी जुळवायचा? हाडातून नमुना काढून ठेवला तरी समोर आईबाप, भाऊबहीण, पोरं यांचा नमुना पाहिजे, आणि कुणाच्या आईला बोलवायचं हे ठरतं त्या वयाच्या रकान्यावरून. दादाचा नमुना काढून ठेवलेला होताच. आमच्या आईला कुणी बोलावलं नाही, कारण तिचा मुलगा 33 चा.

दुसरी बाजूही ढिलीच आहे बरं का. मिसिंग देताना आपण जे वय सांगतो ते आधारवरचं, आणि गावाकडच्या आमच्या पिढीतल्या किती जणांची जन्मतारीख 1 जून आहे ते बघा, मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली. खरं वय वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे. म्हणजे एका बाजूला मास्तरांचा अंदाज, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचा अंदाज, आणि मधे कॉम्प्युटर दोन्ही अगदी तंतोतंत खरे आहेत असं धरून चालतो.

अजून एक, आणि हे फक्त तरुणांचं दुखणं नाही. या पद्धतींची खोड अशी आहे की तरुण थोडा म्हातारा दिसतो आणि म्हातारा बराच तरुण. चौकीत आमच्या शेजारी बाकावर बसायच्या त्या काकूंचे वडील पंचाहत्तरीचे, विसरभोळेपणात घरातून निघून गेलेले. असा माणूस सांगाडा होऊन सापडला तर हाडं सहज '50 ते 60' म्हणतील. काकू '70 च्या पुढे' शोधत बसणार. त्यात ज्या हाडांवरून हे टप्पे बसवले ती ब्रूक्स-सुचीची हजाराहून जास्त माणसं लॉस एंजेलिसच्या शवागारातली, टॉडची क्लीव्हलँडची. आपल्याकडचं खाणं, कामं सगळं वेगळं. त्यांचे तक्ते आपल्याला अगदीच चालत नाहीत असं नाही, पण पट्टी अजून रुंद ठेवायला हवी एवढं तरी कळायला हवं.

तर मागण्या. साध्या आहेत, परत सांगते.

रिपोर्टच्या फॉर्ममध्ये 'अंदाजे वय' या एका रकान्याऐवजी तीन करा: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि कुठल्या हाडावरून कुठल्या पद्धतीने. तिसरा रकाना रिकामा असेल तर रिपोर्ट परत पाठवा. कमरेचं हाड मिळालेलं असताना नुसत्या कवटीवर आणि मणक्यांवर वय लिहायचं नाही, असं परिपत्रक काढा.

मिसिंगच्या टेबलावर शोधताना वय सगळ्यात शेवटी लावा. आधी लिंग, उंची, दात, जुनी फ्रॅक्चरं, अंगावरचं सामान. आणि वय लावलंच तर रिपोर्टच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना मोकळीक ठेवून.

प्यूबिक सिम्फिसिस, कॉलरबोनचं टोक, चौथी बरगडी, जबडा यांचे फोटो स्केल ठेवून काढा आणि फाइलला लावा. हाडं पुरली किंवा हरवली तरी फोटोवरून दुसरा कुणी तपासू शकेल. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. एक मुळाचा पुढचा दात असेल तर जपून ठेवा, दाताच्या मुळावरून वय काढायच्या लॅमेंदाँ यांच्या 1992 च्या पद्धतीला मागून एक दिवा आणि एक कॅलिपर एवढंच लागतं, आणि चाळिशीच्या पुढच्या माणसांमध्ये ती सांध्यांपेक्षा बरी चालते.

जुन्या न ओळखलेल्या सांगाड्यांच्या फाइली उघडा, ज्यांच्यात मोठ्या माणसाचं वय पाच-दहा वर्षांच्या पट्टीत लिहिलंय आणि कारण दिलेलं नाही त्या वेगळ्या काढा, आणि मिसिंगच्या याद्यांशी वय सोडून पुन्हा जुळवा. ही माझी सगळ्यात मोठी मागणी आहे. बाकीचं पुढच्यांसाठी, हे आत्ता खोक्यांत पडलेल्यांसाठी.

आणि आपल्या राज्याचे स्वतःचे तक्ते बनवा. देहदान केलेल्यांची वयं कागदोपत्री माहिती असतात, मोठ्या हॉस्पिटलांत रोज कितीतरी लोकांचे कमरेचे सीटी स्कॅन होतात, नावं काढून टाकून तो डेटा वापरता येतो. दिल्लीच्या एम्समध्ये 2021 पासून मृतदेहाचा सीटी काढून शवविच्छेदन होतंय, म्हणजे मशीन या कामाला लावता येतं हे सिद्ध झालेलं आहे. ही मागणी लगेच होणार नाही हे मला कळतं. पहिल्या चार मात्र पुढच्या सोमवारी सुरू करता येतील, त्यांना बजेटच लागत नाही.

शिकवायला माणूस नाही, हाडं मांडायला जागा नाही असं कुणी म्हणणार असेल तर एवढंच सांगते की आमच्या लॅबमध्ये वेगवेगळ्या वयाची कमरेची हाडं आहेत, सर हो म्हणालेत, मी शनिवारी दुपारी थांबते. पुण्या-पिंपरीतले जे डॉक्टर आणि पोलीस यायला तयार असतील त्यांनी या. हाडं मी मांडून ठेवेन.

आपली,
मार्केट यार्डातल्या एका हमालाची धाकटी बहीण
पुणे